सांगणारी

आमच्या गल्लीत कुणी बाई आजारी पडली की ती दवाखान्यात जायच्या आधी आमच्या घरी यायची. माझ्या मायला सोबत न्यायला. माय भाकरी थापत असली तरी तवा उतरवून ठेवायची, हात धुवायची, पेटीतलं धुतलेलं लुगडं नेसायची आणि त्या बाईसोबत टमटममध्ये बसून लोह्याला जायची.

आजाऱ्यानं स्वतः बोलायचं नसतं, अशी आमच्याकडं रीत आहे. कुणी ठरवलेली नाही, पण आहे. आजारी माणूस बाकड्यावर बसतं. जीभ काढ म्हटलं की जीभ काढतं, श्वास घे म्हटलं की श्वास घेतं. काय होतंय ते सोबत आलेल्यानं सांगायचं. सासूचं सून सांगते, सुनेचं सासू सांगते, लेकराचं माय सांगते. स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगत बसणारी बाई लोकांना जरा आगाऊ वाटते. खोटंच बोलून राहिली असंही वाटतं.

आणि माय सांगण्यात हुशार होती. दुखणं कधी सुरू झालं, काय खाल्ल्यावर वाढतं, कोणत्या कुशीवर झोपलं की कमी होतं, हे ती त्या बाईला वाटेतच विचारून घ्यायची आणि डॉक्टरपुढं न अडखळता मांडायची. लोह्याचे डॉक्टर तिला बघून हसायचे. "आज कुणाची केस आणली वकीलबाई?" म्हणायचे. माय म्हणायची, "तुम्ही गरिबाचं नीट ऐकत न्हाईत, म्हणून वकील लागतो बगा डॉक्टरसाहेब." शेवटी ती त्या बाईला सलाईन लावून घ्यायचीच. त्यातही पिवळी. बाटलीत ताकदीचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं, आणि पांढऱ्या सलाईनवर आमच्या गल्लीतल्या बायकांचा विश्वास नाही.

माझंही सगळं मायच सांगायची. एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी कोणत्याही डॉक्टरला माझ्याबद्दल एक शब्द सांगितलेला नव्हता. मी शाळेतून येऊन दप्तर ठेवलं की ती म्हणायची, "डोकं दुखून राहिलं ना तुझं?" आणि मग मला कळायचं की हो, दुखतंय. ती चुकायची नाही. त्यामुळं स्वतःत डोकावून बघायची मला कधी गरज पडली नाही, असं आता वाटतं. कदाचित हे कारण नसेलही. पण मला दुसरं सापडत नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बाबा चौथीपर्यंत शिकले, माय शाळेत गेलीच नाही. मला शिकवायचं म्हटल्यावर भावकीतल्या लोकांनी बाबांना बरंच ऐकवलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि मला एवढंच म्हणाले की शिक, पण एक वरीस वाया गेलं तर घरी यायचं, मग मी लोकांपुढं बोलू शकणार नाही. ते रागानं म्हणाले नव्हते. म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहिलं.

अकरावी-बारावीला मी लातूरला होते, तीन मुलींसोबत एका खोलीत. बारावीच्या हिवाळ्यात एका सकाळी मी नळाखाली बादली लावली. ती भरली आणि वाहायला लागली. मी शेजारीच उभी होते. लातुरात पाणी असं वाहू देणं म्हणजे गुन्हाच. खोलीतली मुलगी आतून ओरडली, मग घरमालकीण ओरडली. मला ऐकू येत होतं, नळ बंद करायचा हेही कळत होतं. हात पुढं जात नव्हता. शेवटी मालकीणबाईनंच येऊन नळ बंद केला आणि माझ्या तोंडाकडं बघून गप्प झाली.

तिनं घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी माय आली. मला बघितलं आणि म्हणाली, "अशक्तपणा हाय." लातूरच्या डॉक्टरला तिनं तेच सांगितलं. दोन बाटल्या लावल्या, पिवळ्या. आठवड्यानं मी परत अभ्यासाला लागले. म्हणून मी तेव्हा असं धरून चालले की मला जे होतं त्याचं नाव अशक्तपणा.

मग नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिलं वर्ष नीट गेलं. दुसऱ्या वर्षी ते परत सुरू झालं. सकाळी मी तयार व्हायचे. वेणी घालायचे, प्रॅक्टिकलचा एप्रन घडी करून बॅगेत ठेवायचे, चप्पल पायात सरकवायचे. आणि हॉस्टेलच्या खाटेवर बसायचे. बसले की बसलेच. बाहेर मुलींचा आवाज यायचा, तो कमी कमी होत जायचा, मग झाडणाऱ्या मावशी यायच्या आणि माझे पाय उचलायला लावून खाटेखालून झाडू फिरवायच्या. त्यांनी पहिले काही दिवस विचारलं, नंतर विचारणं सोडलं. मी रडत नव्हते. मला कुणाची आठवण येत नव्हती, कुणावर राग नव्हता, कुणा मुलाचंही काही नव्हतं. मैत्रिणींना तेच वाटत होतं. तसं काही असतं तर सांगायला बरं झालं असतं.

हजेरी इतकी कमी झाली की परीक्षेचा फॉर्म अडला. विभागप्रमुख सरांनी अर्ज लिहून आणायला सांगितला. मी लिहिलं, माझी तब्येत बरी नसल्यामुळे मी प्रात्यक्षिकांना उपस्थित राहू शकले नाही. सरांनी ते वाचलं.

"काय झालं होतं?"

"तब्येत, सर."

"तब्येतीला काय झालं होतं?"

सर चिडले नाहीत. म्हणाले, "बेटा, कारण लिहावं लागतं. कारण असलं तर मी तुझ्यासाठी भांडू शकतो. नुसतं तब्येत म्हणून कुणाशी भांडू?"

तो अर्ज मी पाचसहा वेळा लिहिला. प्रत्येक वेळी 'कारण की' इथपर्यंत यायचं आणि पुढं पान कोरं राहायचं. खोलीतली मैत्रीण म्हणाली की टायफॉइडचं सर्टिफिकेट आण आणि मोकळी हो. मी मोबाइलवर टायफॉइडची लक्षणं वाचली. इतका ताप, इतके दिवस, अशी जीभ. सगळं स्पष्ट. मला त्या आजाराचा हेवा वाटला. हेवा वाटला हे मात्र मला लगेच ओळखता आलं.

सर्टिफिकेट मी आणलं नाही. सरांना तसं सांगितल्यावर त्यांनी मला ग्रंथालयाशेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं बुधवारी आणि शनिवारी समुपदेशनाच्या मॅडम येतात. त्यांचं पत्र शनिवारपर्यंत मिळालं तर फॉर्म पुढं जाईल, नाहीतर वर्ष गेलं, असं सर म्हणाले. वर्ष गेलं म्हणजे घर. मी बुधवारी गेले.

मॅडम लातूरकडच्या होत्या, बोलणं ओळखीचं होतं. त्यांनी विचारलं, काय होतंय. मी म्हणाले, काही नाही. वाईट वाटतं का? नाही. भीती वाटते? माहीत नाही. रडू येतं? नाही. मग कसं वाटतं?

मी खरंच शोधलं. त्या थांबल्या होत्या, घाई करत नव्हत्या, म्हणून मी मनापासून शोधलं. छातीत काहीतरी जड होतं, पण ते दुःख होतं की सकाळी न खाल्ल्यामुळं होतं, हे मला सांगता येईना. एखाद्या भाषेतला एकही शब्द येत नसताना त्या भाषेत पेपर आल्यासारखं झालं. मग मी म्हणाले, "मॅडम, मायला विचारून सांगते."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांना वाटलं मी परवानगीबद्दल बोलतेय. त्या म्हणाल्या, इथं बोलायला घरच्यांची परवानगी लागत नाही.

"परवानगी नाही मॅडम. तिला माहीत असतं."

त्या म्हणाल्या, मग तिला घेऊन ये.

मी त्याच दुपारी मायला फोन केला. ती म्हणाली की फोनवर कसं सांगू, तोंड बघावं लागतं. शनिवारी येते.

शनिवारी ती पहिल्या एसटीनं आली. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि धुतलेलं लुगडं अंगावर. कॉलेजच्या गेटापाशी तिनं माझं तोंड बघितलं. एरवी तिला एक क्षण पुरतो. त्या दिवशी ती बराच वेळ बघत राहिली. मी वाट बघत होते. ती फक्त "चल" म्हणाली.

खोलीत मॅडमच्या समोरची खुर्ची तिनं घेतली. मी सवयीनं बाजूला बसले, पेशंटच्या जागी. मॅडमनी तिला पाणी दिलं आणि हिला काय होतंय असं तुम्हाला वाटतं, असं विचारलं. मायनं पदर सारखा केला आणि सांगायला लागली.

"सकाळी उठवत न्हाई बगा. झोप झालेली असती, पण उठून काय करावं ते समजत न्हाई. एकदा उठली की मंग समदं करती, कुणाला कळू देत न्हाई. हसती बी. लोकायला वाटतं चांगली हाय."

अगदी तसंच होतं. मला एकदम मोकळं वाटलं. वाटलं, आली. आता ही सगळं सांगणार आणि मला पत्र मिळणार.

"घास तोंडात नुसता फिरतो. गोड का तिखट, कळत न्हाई. कुणी मेल्याचं कळलं तरी डोळ्याला पाणी येत न्हाई, आन उगं कुणी भांडं आपटलं की धडकी भरती."

मॅडम लिहून घेत होत्या.

"चुलीपुढं बसलं की बसूनच ऱ्हावं वाटतं. भाकर करपल्याचा वास येतो. कळतंय, करपून राहिली म्हणून. पर हात उचलत न्हाई."

मी मायकडं बघितलं. मी मेसमध्ये जेवते. माय माझ्याकडं बघत नव्हती, टेबलाच्या कडेकडं बघत होती आणि तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखाच स्वच्छ, न अडखळणारा होता.

"आन धुणं घेऊन हिरीवर जायचं भ्याव वाटतंय. पाण्याकडं बघू न्हाई वाटत. म्हणून मंग घरीच हापश्याच्या पाण्यात धुती."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मावशी, हे तुम्ही कुणाचं सांगताय?"

मायनं माझ्याकडं बघितलं, प्रश्न मला विचारल्यासारखं. मग म्हणाली, "हिचंच की." तिनं पदर परत सारखा केला. "म्हंजे, बायकायला असं असतंयच ना मॅडम." मॅडमनी तिला विचारलं की तुम्ही कधी डॉक्टरांना हे दाखवलं का. माय हसली. गल्लीतल्या निम्म्या बायकांना दवाखान्यात घेऊन जाणारी माझी माय हसत हसत म्हणाली, "माझ्यासंगं कोण यील?"

मॅडमनी दोन कागद लिहिले. एक सरांसाठी. दुसरा सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांसाठी, त्यावर माझं नाव होतं आणि मायला विचारून तिचंही लिहिलं. दोघी जा, नक्की जा, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. विहिरीबद्दल त्यांनी मायला आणखी काही विचारलं, पण तोवर मायनं तोंड मिटलं होतं. उठताना तिनं एकच विचारलं, तिथं सलाईन लावतात का. मॅडम म्हणाल्या, नाही, तिथं बोलायचं असतं. माय म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या."

बसस्टँडवर मी तिला विचारलं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला तिच्याबद्दल काही विचारलं असेल.

"माय, कव्हापासून?"

"काय कव्हापासून? जा, खिडकीपाशी जागा धर माझी."

मी रुमाल टाकून जागा धरली. बस निघेपर्यंत ती मला मेसच्या भाजीबद्दल विचारत होती.

सरांनी पत्र वाचलं, शब्द पाळला. फॉर्म गेला. मॅडमकडं मी आणखी तीन वेळा गेले. मला जे होतं त्याला त्यांनी एक नाव सांगितलं. रोज वहीत एक ओळ लिहायची असंही सांगितलं, आज काय वाटलं. माझ्या वहीत तारखा आहेत आणि पुढं बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही' आहे. सरकारी दवाखान्यात मी एकदा फाटकापर्यंत गेले. आत जाऊन सांगणार कोण, या विचारानं परत आले.

परीक्षेचे दोन पेपर मी दिले. तिसऱ्याच्या दिवशी वेणी घातली, हॉलतिकीट हातात घेतलं आणि खाटेवर बसले. या वेळी मला त्याचं नाव माहीत होतं. मी ते मनात म्हणूनही बघितलं. नाव माहीत असल्यानं पाय हलले नाहीत. मावशी आल्या, मी पाय उचलले, त्यांनी झाडलं.

वर्ष गेलं. माझी पेटी न्यायला बाबा आले. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. ते पेटी उचलताना एवढंच म्हणाले की चल, तुझी माय वाट बघून राहिली. गल्लीत शिरताना त्यांनी मान खाली घातली. ते मला दिसलं. तेव्हा जे वाटलं ते मी वहीत लिहायला बसले होते. तारीख टाकली.

आता मी घरी आहे. सकाळी मायच्या आधी उठते. धुणं मी धुते, विहिरीवर मी जाते, तिला जाऊ देत नाही. ती का म्हणून विचारत नाही, मी सांगत नाही. ती चुलीपुढं बसलेली असली की मी घरात कुठंही असले तरी माझं नाक तिकडंच असतं. मागच्या आठवड्यात वास आला. मी धावत गेले. भाकरीची काळी कडा तव्यावर उठली होती आणि माय तिच्याकडं बघत बसली होती, पिठाचे हात मांडीवर ठेवून. मी तवा उतरवला. तिनं माझ्याकडं बघितलं. लातूरच्या मालकीणबाईनं माझ्या तोंडावर जे बघितलं असेल ते मला तिथं दिसलं.

बाबा म्हणाले, तिला दवाखान्यात ने, अशक्तपणा आलाय. मी म्हणाले, नांदेडला नेते. माय नको म्हणाली, लोह्याचे डॉक्टर बरे आहेत म्हणाली. मग लुगडं बदलताना तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "तूच चल संगं. शिकलेली हायस. नीट सांगशील."

मॅडमचा कागद मी वहीतून काढून पिशवीत टाकला. टमटममध्ये सगळी वाक्यं मनात जुळवली. डॉक्टर, तिला उठवत नाही. डॉक्टर, तिला चव लागत नाही, रडू येत नाही, ती विहिरीला भिते. हा कागद बघा आणि तिला पुढं पाठवा, तुम्ही सांगितलं तर ती जाईल. वाक्यं चांगली होती. सगळी तिचीच होती, मला फक्त म्हणायची होती.

दवाखान्यात माय पहिल्यांदाच पेशंटच्या बाकड्यावर बसली. डॉक्टर हसले. "आज वकीलबाईच आजारी?" तिनं मान खाली घातली, हात मांडीवर ठेवले आणि रीतीप्रमाणं गप्प बसून राहिली, माझ्यावर सोडून. डॉक्टर माझ्याकडं वळले.

"हं, बोल बाई. काय होतंय हिला?"

पडद्यापलीकडं आमच्या गल्लीतल्या दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं. मी तोंड उघडलं. वाक्यं होती, सगळी होती, ओळीनं होती. विहीर हा शब्द ओठापर्यंत आला. मायचे हात मांडीवर तसेच होते, पालथे. तिनं मला आयुष्यभर जे दिलं ते तिला एकदा परत द्यायचं होतं, एवढंच काम होतं, आणि डॉक्टरांचा पेन कागदावर टेकलेला होता.

"अशक्तपणा हाय," मी म्हणाले. "जेवण जात न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. आतल्या खाटेवर मायला झोपवलं. कंपाउंडरनं बाटली टांगली, इंजेक्शन टाकलं, पाणी पिवळं झालं. मी तिच्या पायाशी स्टुलावर बसले. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत कागद होता.

माय बाटलीकडं बघत होती. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"बरं सांगितलंस," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.